रेकीचे फोटो नकाशावर नीट कसे बसवायचे: लोकेशन शोधणाऱ्या नव्यांसाठी

फोनच्या गॅलरीत चाळीस फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली एक पिन, एवढ्यावर रेकी (शूटआधी जागा पाहून येणं) संपवली तर शूटच्या दिवशी पहाटे साडेचारला लाइट टेम्पोचा ड्रायव्हर तुम्हालाच फोन करणार. ती जागा न पाहिलेल्या माणसाला तुम्हाला न विचारता तिथे पोहोचता आलं आणि डीओपीला, म्हणजे छायालेखकाला, मुंबईत बसून ‘दुपारी तीनला उजेड कुठून येईल’ हे कळलं, तर तुमचा नकाशा जमला. पुढच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

उदाहरणासाठी वाई, मेणवली, धोम हा पट्टा घेतला आहे. घाट, वाडे, धरण, डोंगर आणि अरुंद गल्ल्या असं सगळंच तिथे असल्याने चुकाही सगळ्या प्रकारच्या होतात.

सोबत काय हवं

- जीपीएस नीट चालणारा फोन, पॉवर बँक आणि गाडीतला चार्जर
- मोठा कॅमेरा नेणार असाल तर त्याची चार्ज केलेली बॅटरी आणि बरोबर लावलेलं घड्याळ
- लेसर मेजर किंवा लांब टेप, कारण दरवाजे, कमानी, गल्ल्या डोळ्यांनी मोजून चालत नाही
- फोनवर: गूगल मॅप्स, ऑफलाइन नकाशासाठी ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स, रस्ता नोंदवणारं एखादं जीपीएस लॉगर अ‍ॅप, सूर्यासाठी फोटोपिल्स किंवा सन सीकर
- लॅपटॉपवर: गूगल अर्थ प्रो (२०१५ पासून मोफत), गूगल शीट्स, आणि फोटोंसाठी डिजीकॅम किंवा लाइटरूम क्लासिक
- वही आणि पेन, कारण फोन बंद पडतोच

१. निघण्याआधी घरातून अर्धी रेकी

गूगल अर्थ प्रो उघडा आणि आधी जुन्या चित्रांचं घड्याळाचं बटण दाबा. समोर दिसणारं उपग्रहचित्र कोणत्या महिन्यातलं आहे हे पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका. पावसाळ्यात आपल्याकडे ढग असल्याने स्वच्छ चित्रं बहुतेक ऑक्टोबर ते मे या काळातली असतात. दिग्दर्शकाला ‘हिरवागार डोंगर’ हवा असेल आणि चित्र मार्चमधलं असेल तर डोंगर तपकिरीच दिसणार. जागा नाकारू नका, महिना तपासा. उलटही होतं. नोव्हेंबरच्या चित्रातली हिरवळ पाहून एप्रिलचं शेड्यूल लावलं जातं.

धरणाकाठच्या जागांसाठी कोपर्निकस ब्राउझर वापरा. मोफत खातं काढलं की सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं तारखेनुसार दिसतात. साधारण पाच दिवसांनी एक चित्र मिळतं, एका ठिपक्यात १० मीटरचा चौकोन. देऊळ किंवा घाट त्यात दिसणार नाही, पण पाण्याची कडा स्पष्ट दिसते. उजनीतलं पळसदेवचं देऊळ किंवा पवनेतलं वाघेश्वराचं देऊळ पाणी उतरल्यावरच मोकळं होतं. गेल्या तीन-चार वर्षांची मार्च ते जूनची चित्रं शेजारी ठेवली की कोणत्या पंधरवड्यात शूट लावणं शक्य आहे हे समजतं. धोमच्या काठासाठीही हेच करा.

स्ट्रीट व्ह्यू भारतात जुलै २०२२ मध्ये परत आला. सुरुवातीच्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. शहरातली गल्ली, दुकानांच्या पाट्या, विजेच्या तारा यांसाठी तो छान आहे. छोट्या गावांत तो सापडेलच असं नाही. तिथे मॅपिलरीवर लोकांनी टाकलेले रस्त्याचे फोटो शोधा. आणि कुठेही चित्रावरची तारीख वाचा, कारण रस्ता रुंदीकरणात झाड आणि जुनं घर दोन्ही गेलेलं असू शकतं.

घरूनच संभाव्य जागांच्या पिना टाकून ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. घाटात आणि खोऱ्याच्या टोकाला नेटवर्क जातं.

२. फोन आणि कॅमेरा तयार करा

आयफोनवर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीखाली लोकेशन सर्व्हिसेस, त्यात कॅमेरा, ‘वापरताना’ हा पर्याय, आणि ‘प्रिसाइज लोकेशन’ चालू. अँड्रॉइडवर कॅमेरा अ‍ॅपच्याच सेटिंगमध्ये लोकेशन टॅगचा पर्याय असतो. नंतर अंगणात एक फोटो काढून त्याची माहिती उघडा. अक्षांश-रेखांश दिसले तरच पुढे जा.

मोठ्या कॅमेऱ्यात बहुधा जीपीएस नसतं. मग दोन मार्ग. पहिला, कॅमेरा कंपनीच्या अ‍ॅपने ब्लूटूथवरून फोनचं लोकेशन कॅमेऱ्याला देणं. हे सोपं आहे, पण जोडणी मध्येच तुटते आणि तुम्हाला कळत नाही. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा: फोनवर दिवसभर लॉगर चालू ठेवून जीपीएक्स फाइल (कोणत्या वेळी कुठे होतात याची नोंद) तयार करायची, आणि संध्याकाळी वेळ जुळवून फोटोंना लोकेशन द्यायचं. नोंदणीचं अंतर ५ सेकंद किंवा १० मीटर ठेवा.

या दुसऱ्या मार्गात तीन ठिकाणी घात होतो.

पहिला, फोनचा बॅटरी सेव्हर. स्क्रीन बंद झाली की बरेच फोन मागे चालणारी अ‍ॅप्स मारून टाकतात आणि सकाळी दहानंतरचा ट्रॅकच सापडत नाही. लॉगरला बॅटरीच्या बंधनांतून सूट द्या आणि दर तासाला एकदा बघा.

दुसरा, कॅमेऱ्याचं घड्याळ. ते चार मिनिटं पुढे असेल आणि तुम्ही गाडीत असाल, तर फोटो दोन-तीन किलोमीटर लांब जाऊन बसतो. दिवसाच्या सुरुवातीला फोनवर सेकंदासह घड्याळ उघडून कॅमेऱ्याने त्याचा एक फोटो काढा. किती सेकंदांची दुरुस्ती करायची हे संध्याकाळी त्यावरून ठरतं.

तिसरा, साडेपाच तास. जीपीएक्समधली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, कॅमेऱ्यातली आपल्या वेळेत. सॉफ्टवेअरला ५ तास ३० मिनिटांचा फरक सांगितला नाही तर फोटो बसतच नाहीत, किंवा दुपारचे फोटो भलत्याच गावात बसतात.

जीपीएस मॅप कॅमेऱ्यासारखी अ‍ॅप्स फोटोवरच पत्ता, नकाशा आणि वेळ छापतात. सरकारी कामाच्या पुराव्यासाठी ठीक. दिग्दर्शकाला दाखवायच्या फ्रेमवर मात्र तो पट्टा डोळ्यांत खुपतो, आणि छापलेली अक्षरं म्हणजे फाइलच्या आतलं लोकेशन नव्हे. हवं तर त्या अ‍ॅपने जागी गेल्याची नोंद म्हणून एक फोटो काढा. बाकी सगळे साध्या कॅमेऱ्याने.

३. जागेवर: एका लोकेशनला एक पिन पुरत नाही

फोटोतलं लोकेशन म्हणजे तुम्ही उभे होतात ती जागा. तुम्ही नदीच्या अलीकडच्या काठावरून मेणवलीच्या घाटाचा फोटो काढलात तर पिन अलीकडे पडणार, आणि युनिट नदीच्या चुकीच्या बाजूला पोहोचणार. म्हणून प्रत्येक जागेसाठी निदान एवढ्या पिना वेगळ्या टाका:

- विषय: वाडा, घाट, देऊळ, जे दिसायला हवं ते
- कॅमेरा: तुम्ही जिथून पाहिलं ती जागा
- शेवटचं वळण: जिथून पुढे मोठी गाडी जात नाही
- तळ: व्हॅनिटी (कलाकारांची मेकअपची व्हॅन), टेम्पो, जेवणाची जागा
- जनरेटर: आवाज ऐकू येणार नाही, पण केबल पोहोचेल अशी जागा

यातली सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात महत्त्वाची पिन म्हणजे शेवटचं वळण. गूगलने दाखवलेला रस्ता कारचा असतो. अडीच मीटर रुंदीची व्हॅनिटी, खाली लोंबणारी वीजतार, कमानीची उंची, बैलगाडीपुरता पूल यातलं त्याला काही ठाऊक नसतं. प्रत्येक अडचणीशी थांबा, रुंदी आणि उंची मोजा, आकडा पिनच्या नावातच लिहा: ‘कमान, उंची ३.१ मी.’ तळापासून सेटपर्यंत चालायला किती मिनिटं लागतात तेही लिहा. मीटरपेक्षा मिनिटं उपयोगी, कारण घाटाच्या पायऱ्यांवरून सामान उतरवायचं असतं.

पिन टाकताना घाई नको. कॅमेरा उघडून लगेच काढलेल्या पहिल्या फोटोत बऱ्याचदा जुनं लोकेशन चिकटतं, गाडी जिथे थांबली होती तिथलं. उघड्या आकाशाखाली अर्धा मिनिट उभे राहा. मोकळ्यावर फोनची चूक साधारण पाच मीटरपर्यंत येते. वाड्याच्या चौकात, दगडी बोळात किंवा कड्याच्या पायथ्याशी ती कित्येक पटींनी वाढते. वाड्याच्या आतल्या फोटोंसाठी जीपीएसवर विसंबूच नका. दिंडी दरवाजाबाहेर एक पिन घ्या आणि आतल्या फोटोंना ‘पहिला चौक’, ‘माजघर’, ‘माडी’ अशी नावं द्या.

प्रत्येक महत्त्वाच्या जागी फोटोंचा क्रमही ठरलेला असू द्या. आधी चार दिशांना चार फोटो, उत्तरेपासून घड्याळाच्या क्रमाने. नंतर तीसेक सेकंदांचा सलग व्हिडिओ, आवाजासह. हायवे, पिठाची गिरणी, भोंगा, मोटारपंप नंतर त्याच व्हिडिओत ऐकू येतात. बऱ्याच फोनमध्ये दिशा फोटोत आपोआप नोंदली जाते, पण गाडीच्या बॉनेटजवळ किंवा लोखंडी रेलिंगशेजारी फोनचं होकायंत्र बहकतं. दहा पावलं बाजूला होऊन पुन्हा बघा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, तेव्हा त्याची चिंता सोडा. लोखंडाची करा.

४. सूर्य: अ‍ॅपमधली वेळ सपाट जमिनीची असते

फोटोपिल्स किंवा सन सीकर शूटच्या तारखेला लावा, रेकीच्या तारखेला नाही. नवखे इथेच सर्वात जास्त फसतात. वाईच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १८ अंश उत्तरेला, डिसेंबरअखेर सूर्य उत्तरेपासून घड्याळाच्या क्रमाने मोजल्यास सुमारे ११५ अंशांवर उगवतो आणि जूनअखेर ६५ अंशांवर. क्षितिजावर जवळजवळ ५० अंशांची सरक. जूनमध्ये पाहिलेल्या ओसरीत पडणारं सकाळचं ऊन डिसेंबरमध्ये पडेलच असं नाही.

माध्यान्हीचंही तसंच. डिसेंबरअखेर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४९ अंश वर असतो, म्हणजे दुपारीही सावल्या चांगल्या लांब. साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र तो भर दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. ‘वाड्याच्या उत्तर बाजूला कधीच ऊन येत नाही’ हे वाक्य त्या काळात खोटं ठरतं.

आता डोंगर. अ‍ॅपमधली सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिज धरून असते. कृष्णेच्या खोऱ्यात सूर्य आधीच कड्यामागे जातो. हात लांब करून मूठ धरा, ती साधारण दहा अंश. कडा क्षितिजापासून आठ अंश वर असेल तर डिसेंबरमध्ये थेट ऊन छापील सूर्यास्ताच्या अर्ध्या तासाहूनही आधी संपतं. म्हणजे कॉल शीटवरचा (शूटच्या दिवसाच्या वेळापत्रकातला) ‘गोल्डन अवर’, सूर्यास्ताआधीचा सोनेरी उजेड, अर्धा झाला. अ‍ॅपमधून कॅमेरा आकाशाकडे धरून सूर्याचा मार्ग पाहा, तो कड्याला जिथे टेकतो ती वेळ वाचा आणि शीटमध्ये ‘ऊन जातं’ अशा वेगळ्या रकान्यात लिहा. सूर्यास्ताच्या रकान्यात नको.

कोकणात हाच नियम भरतीला. पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, दिवसातून दोनदा गायब होते आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक फोटोसोबत त्या क्षणी भरती होती की ओहोटी ते लिहा, नाहीतर फोटोतली रुंद पुळण शूटच्या सकाळी पाण्याखाली असेल.

५. संध्याकाळी: फोटो आणि शीट

हे त्याच रात्री करा. दोन दिवसांनी सगळे वाडे सारखे दिसतात.

मूळ फोटो लॅपटॉपवर केबलने घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लोकेशन गमावून बसतो. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर माहिती टिकते. सहकाऱ्यांकडून फोटो मागवताना हे आधीच सांगा, नाहीतर रिकामे फोटो हाती येतील. आयफोनवरून पाठवताना शेअर पडद्याच्या वरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये लोकेशन चालू आहे ना ते बघा.

डिजीकॅम किंवा लाइटरूमच्या नकाशात जीपीएक्स उघडा, साडेपाच तासांचा फरक द्या, घड्याळाची दुरुस्ती द्या, फोटो बसवा. मग पाच-सहा ओळखीचे फोटो नकाशावर तपासा. ते बरोबर असतील तर बाकीचेही बहुधा बरोबर.

शीटमध्ये दर जागेला एक ओळ: क्रमांक, नाव, गाव, तालुका, अक्षांश, रेखांश, कॅमेऱ्याची दिशा, ऊन येतं, ऊन जातं, शेवटच्या वळणाची रुंदी, तळापासून चालत मिनिटं, वीज, नेटवर्क, गट नंबर, मालक कोण, परवानगी कुणाची, फोटोंची लिंक.

शीट बिघडवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत:

- अंश-मिनिटं-सेकंद आणि दशांश यांची भेसळ. १७ अंश ५७ मिनिटं ३० सेकंद म्हणजे १७.९५८३. ते कुणी १७.५७३० असं टाइप केलं की जागा सुमारे ४३ किलोमीटर दक्षिणेला जाते. सगळीकडे दशांशच वापरा.
- दशांशानंतर पाच आकडे ठेवा. पाचवा आकडा साधारण एक मीटर, तिसरा शंभर मीटर. एक्सेलला दोनच आकडे दाखवायला सांगितलं आणि तसंच कॉपी झालं तर पिन अर्धा किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त भटकू शकते.
- अक्षांश आधी, रेखांश नंतर. केएमएल फाइलमध्ये (गूगल अर्थची नकाशा साठवायची फाइल) क्रम उलटा असतो. अदलाबदल झाली तर वाई नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसते. ही चूक निदान लगेच लक्षात येते.
- गट नंबर १२/३ लिहिला की एक्सेल त्याची तारीख करतं. तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करा.
- इथे आकडे देवनागरीत छापले असले तरी शीटमधले अक्षांश-रेखांश इंग्रजी आकड्यांतच टाका.
- मराठी मजकुराची शीट सीएसव्ही करताना ‘यूटीएफ-८’ निवडा. नाहीतर ‘मेणवली’च्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात.

६. नकाशा बनवणं

छोट्या कामाला गूगल माय मॅप्स पुरतं. शीट थेट आत घेता येते, एका नकाशात दहा थर मिळतात, एका वेळी दोन हजार ओळी येतात. थर गावांनुसार करू नका, कामानुसार करा: लोकेशन, गाड्या आणि तळ, अडचणी, दवाखाना-पोलीस ठाणं-पेट्रोल पंप. ड्रायव्हरला दुसराच थर हवा असतो, डीओपीला पहिलाच. रंग तीनच: नक्की, शक्य, नाकारलं. नाकारलेल्या जागा पुसू नका, कारण लिहून ठेवा. महिन्याभराने कुणीतरी तीच जागा नव्याने ‘शोधून’ आणतं.

माय मॅप्सचं स्वतंत्र अँड्रॉइड अ‍ॅप २०२१ मध्ये बंद झालं, आणि हा नकाशा नेटवर्क नसताना उघडेल असं धरू नका. म्हणून तोच नकाशा केएमएल करून ऑस्मअँडमध्ये घ्या. शेकडो फोटो एकदम नकाशावर पाडायचे असतील तर क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये लोकेशन असलेले फोटो आयात करायची सोय आहे. शिकायला दोन संध्याकाळी जातात, त्यामुळे एखाद्या लघुपटासाठी त्यात पडू नका.

७. जमीन कुणाची, परवानगी कुणाची

पिन टाकली म्हणून मालक कळत नाही. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून तुकड्यावर क्लिक केलं की गट नंबर आणि नाव दिसतं. त्यावरून सातबारा काढा. शहरात सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक पाहावं लागतं. ऑनलाइन नकाशातली रेघ उपग्रहचित्रावर थोडी सरकलेली असते, म्हणून तिच्यावरून बांधाचा वाद सोडवायला जाऊ नका. सातबाऱ्यावर पाच भावांची नावं असतील तर एकाची तोंडी हो पुरत नाही. तलाठी आणि ग्रामपंचायत दोन्हीकडे चौकशी करा. घाट-देवळांना देवस्थान ट्रस्ट वेगळा असू शकतो.

किल्ल्यांबाबत आधी तो कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. राजगड, प्रतापगड, साल्हेर, खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. अर्ज चुकीच्या दारात गेला की आठवडे जातात. केंद्राच्या संरक्षित वास्तूभोवती १०० मीटरचा पट्टा बांधकामाला प्रतिबंधित असतो. गूगल अर्थमध्ये तेवढं वर्तुळ काढून नकाशात ठेवा आणि तात्पुरता सेट उभारण्याआधी लेखी विचारा. राज्यात शूटिंगच्या परवानग्यांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीतल्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे, गोव्यात एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा. दोन्हीकडे अर्जात जागेचा नेमका तपशील लागतो, तेव्हा तुमची शीट कामी येते.

ड्रोन उडवायचा असेल तर डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन-नकाशा उघडा. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत हवाई परवानगी लागत नाही, पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते, लाल भागात केंद्र सरकारची. हिरवा म्हणजे ‘कुणालाच विचारू नका’ असं नाही. ड्रोनची नोंदणी, पायलटचं प्रमाणपत्र, जमीनमालक आणि स्थानिक पोलीस उरतातच. रंग बदलतात, म्हणून शूटच्या दिवशी पुन्हा पाहा.

परदेशी युनिटसोबत काम असेल तर एक गोष्ट आधीच कळवा: उपग्रहावरून संदेश पाठवणारी जीपीएस यंत्रं आणि सॅटेलाइट फोन भारतात सरकारी परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. डोंगरात फिरणाऱ्यांच्या बॅगेत ती सहज असतात आणि विमानतळावर अडकवतात. साधं जीपीएस घड्याळ वेगळं.

८. पाठवताना

ड्रायव्हरला पिनची लिंक द्या, लाइव्ह लोकेशन नाही. ते जास्तीत जास्त आठ तास चालतं आणि तुमची जागा दाखवतं, सेटची नाही. प्लस कोड (गूगल मॅप्समधला जागेचा अक्षर-आकड्यांचा छोटा पत्ता) देणार असाल तर छोट्या कोडसोबत गावाचं नाव हवंच. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला दहा अक्षरांचा डिजिपिन साधारण चार मीटरचा चौकोन दाखवतो. शीटमध्ये एक रकाना ठेवा, पण तेवढ्यावर गाडी पाठवू नका. लिंकखाली दोन ओळी मराठीत लिहा: ‘मारुतीच्या देवळाशी डावीकडे, पुढे पाण्याची टाकी, तिथेच थांबा.’ पहाटेच्या अंधारात आणि नेटवर्क नसताना याच ओळी कामाला येतात.

नकाशाची लिंक ‘लिंक असलेल्या कुणालाही’ अशी उघडी ठेवली तर लोकांची घरं, मालकांची नावं आणि तुम्ही महिनाभर शोधलेल्या जागा एका फॉरवर्डमध्ये बाहेर जातात. मालकाचे फोन नंबर नकाशात टाकू नका, वेगळ्या शीटमध्ये ठेवा आणि ती मोजक्या ईमेलना द्या. सोशल मीडियावर रेकीचा फोटो टाकण्याआधी त्यातलं लोकेशन काढा आणि फोटोत घराचा नंबर किंवा गाडीची पाटी दिसत नाही ना ते बघा. शूट संपलं की लिंक बंद करून केएमएल आणि मूळ फोटो एका फोल्डरमध्ये तारखेसह जपून ठेवा. पुढच्या कामाला याच जागा वेगळ्या ऋतूत लागतात.